कार्ड वाढवा

लग्नातल्या तीन साड्या सोडल्या, तर श्यामलाबाईंच्या कपाटातली एकूण एक साडी दारात उभ्या राहिलेल्या माणसाकडून घेतलेली होती. आता कसबा पेठेत राहणाऱ्या बाईला साड्यांची दुकानं दूर आहेत असं कोणी म्हणेल का? लक्ष्मी रोड दहा मिनिटांवर. पण दुकानात जायचं तर आधी गोपाळकृष्ण सरांना सांगायचं, मग सर बरोबर येणार, पाटीवरचा ऱ्हस्व-दीर्घ मालकाला समजावून देणार, मालक हात जोडणार, आणि श्यामलाबाईंना हवी ती साडी मागायचीच राहून जाणार. दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा त्या गेल्याच नाहीत.

सर म्हणजे त्यांचे यजमान. मराठीचे शिक्षक, चौतीस वर्षं नोकरी, आणि निवृत्त होऊनही सोळा वर्षं झाली, पण लाल पेन काही खिशातून उतरला नाही. सकाळचं वर्तमानपत्र तपासून झाल्याशिवाय ते रद्दीत जात नसे. दारावर पाटी होती: ‘घंटी एकदाच वाजवावी. दुसऱ्यांदा वाजवल्यास आत कोणी नाही असे समजावे.’ त्याखाली सरांचा मोबाईल नंबर. हा नंबर लक्षात ठेवा, पुढे तोच नडणार आहे.

तर मंगळवारी दुपारी अडीचला, सर शाळेत असताना, नागोराव यायचे. वर्धेकडचा माणूस, पोटासाठी पुण्यात आलेला. आधी सायकल, मग लुना. तीन मजले चढून आले की गाठोडं उंबऱ्याबाहेर टेकवायचे आणि आतल्या बाजूला बसलेल्या श्यामलाबाईंपुढे एकेक साडी उलगडायचे. त्यांनी नको म्हटलं की म्हणायचे, “काहून नाही म्हणता वहिनी? पाहाले काय पैसे लागतात?”

पाहायला लागत नसत, घ्यायला लागत, आणि तेही दर मंगळवारी थोडे थोडे. त्यासाठी गुलाबी जाड कागदाचं एक कार्ड असे. नागोराव कानामागची पेन्सिल काढून त्यावर रेघ मारायचे. कार्ड भरलं की विचारायचे, “मिटवू, का नवं काढू?” आणि बहुतेकदा नवंच निघे. पुढे ते एका विमा कंपनीचे एजंट झाले, तेव्हा त्याच कार्डाची मागची बाजू उपयोगात आली. पुढे कापड, मागे विमा.

“वहिनी, तुमच्या नावानं काही आहे का या घरात?” त्यांनी एकदा सहज विचारलं होतं.

श्यामलाबाईंनी मागे वळून पाहिलं. फ्रिज, टीव्ही, कपाट, पुस्तकांच्या चार फळ्या. दारावरच्या पाटीवरही नाव सरांचंच. “नाही बाई,” त्या म्हणाल्या आणि त्या दिवशी विमा उतरवला. पंचवीस वर्षांचा. आठवड्याला पन्नास रुपये. ते पन्नास रुपयेही त्या सरांकडून घेत नसत. नागोरावांच्या साड्यांना फॉल लावून देत, आणि त्याची मजुरी परस्पर कार्डाच्या मागच्या बाजूला जाई. सर कार्ड पाहत, पण पुढूनच. मागची बाजू पाहायची त्यांना कधी गरज वाटली नाही.

आता ‘वाढवणं’ या शब्दाबद्दल सांगायला हवं.

श्यामलाबाई बार्शीकडच्या. वडील एसटीत ड्रायव्हर, घरात सहा भावंडं, बोलणं रोखठोक. दिवा विझवायचा, बांगडी फुटायची, दुकान बंद व्हायचं, आणि निघताना माणूस “जातो” म्हणून निघून जायचा. लग्नानंतर आठव्या दिवशी संध्याकाळी त्या सासूला म्हणाल्या, “दिवा विझवू का?” सासूबाईंना गुडघे दुखण्यापुढे व्याकरण सुचत नसे. बोलले ते सर.

“दिवा विझवत नाहीत, शांत करतात. बांगडी फुटत नाही, वाढवते. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. शुभ गोष्ट संपली असं तोंडानं म्हणू नये. आणि निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही. ‘येते’ म्हणायचं.”

वीस-बावीस वर्षांची मुलगी, कौतुकानं शिकली. नवऱ्याला इतकं येतं याचा तिला अभिमान वाटला. पुढे कळलं की हा वर्ग सुटणारा नाही. भाजी “टाकली” म्हटलं तर “फोडणीला घातली”. ताप “आलाय” म्हटलं तर आधी “कणकण आहे की ताप?” सलिल, त्यांचा मुलगा, तो बारावीनंतर जो बंगळूरला गेला तो तिकडचाच झाला. फोनवर म्हणायचा, “आई, बाबा आता बदलणार नाहीत, तू लाइटली घे.” लाइटली घ्यायला तो अडीचशे कोसांवर होता. इथे श्यामलाबाई तोंड उघडण्याआधी वाक्य मनात एकदा तपासून घ्यायच्या, मग वाटायचं, जाऊ दे, एवढं काय सांगण्यासारखं आहे. असं करत करत दिवसाला मोजून पाच-पंचवीस वाक्यं उरली, आणि त्यातली निम्मी चहाबद्दल.

पाणी डोक्यावरून गेलं ते दोन वर्षांपूर्वी, पुतण्याच्या, आमोदच्या वास्तुशांतीला. जेवणं झाल्यावर सगळे बसले होते, आणि कधी नव्हे ते श्यामलाबाई रंगात येऊन नागोरावांचा एक किस्सा सांगत होत्या. पावसात एकदा नागोराव जिन्यात पडले...

“पडले नव्हे, घसरले,” सर म्हणाले.

घसरले, आणि गाठोडं सुटून साड्या जिन्यावरून खाली गेल्या...

“घरंगळल्या. निर्जीव वस्तू ‘जात’ नाही.”

लोक हसले. सरांना हसले, त्यांना नाही, पण त्या थांबल्या. कोणीतरी आइस्क्रीम आणलं आणि विषय गेला. पुढे काय झालं, हे तीस माणसांतल्या एकानंही विचारलं नाही. विचारलं ते निघताना कादंबरीनं. ही पूर्वीची शेजारीण, त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान. आता धायरीत स्वतःच्या छोट्या घरात पोळी-भाजी केंद्र चालवते. चपला घालता घालता म्हणाली, “श्यामलाताई, मग त्या साड्यांचं काय झालं?”

श्यामलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या रात्री नाही, त्या आठवड्यात नाही, पण महिन्याभरात घर सोडायचं त्यांचं ठरलं. भांडण नाही, कोर्टकचेरी नाही. धायरीला कादंबरीच्या घरावरची एक खोली, मोरी आतच, खिडकीतून डोंगर दिसतो. विमा दोन वर्षांनी पिकणार होता. त्यातून डिपॉझिट आणि दोन वर्षांचं भाडं निघत होतं. पुढचं पुढे.

“ताई, डिपॉझिट घाला चुलीत,” कादंबरी म्हणाली होती. “सकाळी माझ्याबरोबर पोळ्या लाटा, झालं.”

“पोळ्याच लाटायच्या तर इथे काय वाईट आहे?” श्यामलाबाई म्हणाल्या. “मला भाडं देऊन राहायचंय. दार लावून बसायचंय. कोणाला वाढायचं नाही, कोणाला विचारायचं नाही.” कादंबरीच्या संसाराला त्या भाड्याचा आधार आहे हेही त्यांना ठाऊक होतं. फुकट राहिलं की त्या घरातही त्या आश्रितच ठरणार. विमा पिकायला आला तेव्हा कादंबरीनं पुढच्या महिन्याच्या एक तारखेपर्यंत खोली धरून ठेवायचं कबूल केलं. त्यानंतर आयटीतली दोन मुलं टपलेली होतीच.

श्यामलाबाईंनी न्यायच्या सामानाची यादी केली. शेगडी, कुकर, उशी, दोन चादरी, देवीचा टाक, शिवणाचा डबा. बारा ओळींचा कागद. साड्यांखालच्या जुन्या कार्डांच्या गठ्ठ्यात ठेवून दिला. अधूनमधून काढून वाचायच्या. वाचलं की बरं वाटायचं. पुढे यादी पाठच झाली, मग काढायची गरज उरली नाही.

नागोराव सहा वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या जागी त्यांचा मुलगा योगेश यायला लागला. पुण्यात जन्मलेला, पुण्यात वाढलेला, तोंडात निम्मं इंग्रजी. गाठोडं गेलं होतं, हातात टॅब होता. पण श्यामलाबाईंना फोनवरून पैसे पाठवणं जमत नाही म्हणून तोही मंगळवारी यायचा, सर झोपलेले असताना, आणि बापाची आठवण म्हणून गुलाबी कार्डावर रेघ मारायचा. पोरगा वाईट नव्हता.

त्या मंगळवारी त्यानं कार्डाची मागची बाजू श्यामलाबाईंपुढे धरली. शेवटचा चौकोन.

“काकू, काँग्रॅट्स! पॉलिसी मॅच्युअर झाली. आता काय करायचं?”

पंचवीस वर्षं. श्यामलाबाईंनी कार्डावरून एकदा बोट फिरवलं. आता ज्या गोष्टीनं त्यांना पंचवीस वर्षं धीर दिला, ती ‘बंद कर’ असं त्यांच्या तोंडून येणार कसं? तोंडून आलं ते या घरात शिकवलेलं.

“वाढवा आता,” त्या म्हणाल्या. “कार्ड वाढवा.”

“शुअर ना? पूर्ण अमाउंट?”

“पूर्ण. एकदाचं वाढवून टाका.”

“ग्रेट डिसिजन,” योगेश म्हणाला आणि टॅबवर बोटं चालवू लागला. मग थांबला. “काकू, ओटीपी जाईल. काकांच्या नंबरवर.”

लँडलाइन काढली तेव्हा कंपनीला नवा नंबर हवा होता, आणि योगेशनं न विचारता दारावरच्या पाटीवरचा टाकून दिला होता. बदलायला पंधरा दिवस लागणार होते. आत सर उठून चष्मा शोधत होते. श्यामलाबाईंनी चहाचा कप घेऊन आत जाऊन शक्य तितक्या सहज सांगितलं, “साडीवाल्याचं ते कार्ड आहे ना, ते वाढवायला सांगितलंय. तुमच्या फोनवर आकडा येईल, तेवढा सांगा.”

सर बाहेर आले. खुर्चीत बसले. फोन वाजला. त्यांनी चष्मा नाकावर खाली घेतला आणि संदेश वाचला. वाचायला वेळ लागला. योगेशकडे पाहिलं, मग श्यामलाबाईंकडे.

“वाढवायचंय ना?” सरांनी विचारलं.

“हो.”

“मग वाढवा,” सर म्हणाले, आणि सहा आकडे एकेक करून स्वच्छ उच्चारात वाचून दाखवले. श्यामलाबाईंना वाटलं, निभावलं. त्या रात्री त्यांनी गोडाचा शिरा केला. सरांनी दोनदा मागून घेतला.

पैसे काही आले नाहीत. एक आठवडा गेला, दुसरा गेला. योगेश मंगळवारी आला नाही, कार्ड भरलंय तर येईल कशाला, असं त्यांना वाटलं. तिसऱ्या आठवड्यात, एक तारखेला चार दिवस उरले असताना, त्यांनी गच्चीवर कपडे वाळत घालायला जाऊन त्याला फोन लावला.

“पैसे?” योगेश चक्रावला. “कुठले पैसे काकू? आपण एक्स्टेंड केली ना. दहा वर्षं. तुम्हीच म्हणालात वाढवा!”

“अरे, वाढवा म्हणजे...” त्यांच्या हातातली चादर बादलीत पडली. “वाढवा म्हणजे बंद करा. संपवा. दुकान वाढवतात तसं.”

“काकू, असं कोण बोलतं आता? क्लोज करा म्हणायचं ना!”

“मग आता कर क्लोज.”

“नाही होत. पंधरा दिवस असतात कॅन्सल करायला, ते गेले. आता पाच वर्षं हात नाही लावता येत.” पोराचा आवाज खरंच रडवेला झाला होता. “पण काकांनी कसं नाही सांगितलं? मेसेज मराठीत असतो. क्लियर लिहिलेलं असतं, पॉलिसीला दहा वर्षं मुदतवाढ. मला वाटलं तुमचं दोघांचं बोलणं झालंय.”

पाच वर्षांनी श्यामलाबाई अडुसष्टच्या होणार. गच्चीवरून पेठेची छपरं, टाक्या, वायरी दिसत होत्या. त्यापलीकडे धायरीचा डोंगर कुठे असेल याचा अंदाज त्या रोज घ्यायच्या. आज घेतला नाही. गच्चीला कठडा होता, खाली जिना होता, जिन्याखाली तेच घर, आणि त्या घराची मुदत आता वाढली होती. चादर पुन्हा पिळून त्यांनी नीट वाळत घातली, चिमटे लावले, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना.

पण एक गोष्ट मनाला लागून राहिली. सरांना कळलं नसेल? ज्या माणसानं तो शब्द शिकवला, ज्याला ‘पडले’ आणि ‘घसरले’ यांतला फरक तीस माणसांत गप्प बसू देत नाही, त्याला ‘वाढवा’ आणि ‘मुदतवाढ’ यांतला फरक दिसला नाही? साडीचं कार्ड समजले असतील. विम्याचं त्यांना कुठे ठाऊक होतं? श्यामलाबाईंनी चाळीस-बेचाळीस वर्षांत सरांसाठी जेवढ्या सबबी शोधल्या त्यात ही आणखी एक. खाली येऊन त्यांनी कपाट उघडलं, साड्या बाजूला केल्या आणि कार्डांच्या गठ्ठ्यातून यादीचा कागद काढला. फाडून टाकायचा होता.

उघडला, आणि तशाच उभ्या राहिल्या.

‘शेगडि’ची पहिली वेलांटी लाल शाईनं दुसरी झाली होती. ‘कूकर’मधला ऊ ऱ्हस्व. ‘उषी’चा पोटफोड्या ष खोडून त्यावर शहामृगाचा श. वरती, जिथे त्यांनी ‘धायरिला न्यायचं सामान’ लिहिलं होतं, तिथेही एक नीटस लाल वेलांटी. आणि कागद पुन्हा जशाच्या तशा घड्या घालून ठेवलेला.

म्हणजे सरांना खोली ठाऊक होती. गठ्ठ्यातली कार्डं उलटवली असणारच, म्हणजे विमाही ठाऊक होता. कधीपासून, देव जाणे. त्यांनी यादी वाचली, चुका काढल्या, परत ठेवली, आणि वाट पाहिली. मग तो मंगळवार आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा समोरच्या माणसाची चूक त्यांनी दुरुस्त केली नाही.

श्यामलाबाईंना संताप आला. इतका स्वच्छ संताप त्यांना कधी आला नव्हता, त्यात घाबरणं नव्हतं. त्यांनी कादंबरीला फोन केला. “पोळ्या किती लागतात रोजच्या?”

“अडीचशे. काय झालं ताई?”

“तिथे आल्यावर सांगते. आणि त्या साड्यांचंही सांगते.”

मोठी पिशवी काढली. सरांनी आणलेलं त्यात भरायचं नव्हतं, आणि तसं पाहिलं तर सरांनी आणलेलं काही निघालंही नाही. त्यांच्या मालकीचं जे होतं ते दारातून आलं होतं, दर मंगळवारी थोडं थोडं. आठ साड्या, टाक, शिवणाचा डबा. शेगडी आणि कुकर राहू दे. शेवटी तिथेही पोळ्याच लाटायच्या होत्या, हे त्यांना कळत होतं. दार लावून बसायचं स्वप्न काही धायरीला येणार नव्हतं.

बाहेर सर खुर्चीत होते, मांडीवर वर्तमानपत्र. बारा वाजत आले होते.

“पान वाढतेस ना?” मग पिशवी दिसली. “कुठे?”

“धायरीला. दीर्घ री.”

सरांनी पेनाचं टोपण लावलं. “पैशांशिवाय?”

“पोळ्या लाटेन.”

“इथेही पोळ्याच लाटतेस.”

“हो,” श्यामलाबाई म्हणाल्या. “यादी तपासलीत, बरं केलंत. कुकर मला नेहमी चुकतो. मग ‘वाढवा’ हा तेवढा एक शब्द का नाही दुरुस्त केलात?”

सरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग वर्गात शंकेला उत्तर द्यावं तसं म्हणाले, “त्यात चूक नव्हती. दोन्ही अर्थ बरोबर आहेत.” आणि मग, खूप खालच्या आवाजात, “त्यातला एक मला नको होता.”

हे वाक्य ऐकायची श्यामलाबाईंनी बेचाळीस वर्षं वाट पाहिली होती. नको होता. म्हणजे त्या हव्या होत्या. पिशवीचा बंद हाताला काचला, आणि क्षणभर वाटलं, खाली ठेवावी, पान वाढावं, पाच वर्षं काय, निघून जातील. सर त्यांच्याकडे पाहत होते. मग त्यांची नजर वळली आणि भिंतीवरच्या घड्याळावर गेली.

श्यामलाबाईंनी चपला घातल्या. उंबऱ्याबाहेर, जिथे नागोरावांचं गाठोडं टेकायचं, तिथे उभ्या राहून म्हणाल्या, “जाते मी.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “‘येते’ म्हणावं.”

त्या जिना उतरू लागल्या. दुसऱ्या मजल्यावर पोचल्या तेव्हा वरून पुन्हा आवाज आला, कठड्यावरून वाकून, या खेपेला सरांचा वाटू नये असा: “श्यामला, ‘येते’ म्हण. नुसतं म्हण.”

श्यामलाबाईंनी दुरुस्ती केली नाही.